दुसऱ्या खाचेतलं कार्ड

३ मार्च, सोमवार

आलो बाई एकदाचे! निम्मं सामान अजून खोक्यांत आहे, चहाची गाळणी कुठे गेली देव जाणे, आज चहा रुमालातून गाळून प्यायलो. पण घर झकास आहे. तळमजला, रुंद दारं, कुठे उंबरा नाही, त्यामुळे दादाची चाकाची खुर्ची बिनधास्त सगळीकडे जाते. सकाळपासून त्याने चारही खोल्यांतून फेऱ्या मारल्या आणि जाहीर केलं, की मोठी खोली त्याची, कारण तो थोरला. मी म्हटलं, थोरला ना, मग उचल खोकी. त्यावर तो इतका हसला की मशीनने शिट्टी मारली.

मशीन म्हणजे त्याचं श्वासाचं मशीन. सात वर्षांपूर्वी स्नायूंच्या दुखण्याने त्याची छाती थकली. तेव्हापासून गळ्यात नळी, नळी मशीनला, आणि मशीन खुर्चीच्या पाठीला. मशीन श्वास देतं, त्या श्वासावर तो चार-पाच शब्द बोलतो, मग पुढच्या श्वासासाठी थांबतो. बावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं वाचली या माणसाने, मोठ्याने, न अडखळता. आता मला चिडवायचं तरी तुकड्यातुकड्याने चिडवतो. मला ‘मिरची’ म्हणतो. माझ्या नाकावर राग असतो म्हणे.

असतो! का नसावा? त्या मशीनमध्ये एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे. रोज दुपारी बारा वाजता ते नवीन अपडेट आलंय का बघतं, त्यावरची सही तपासतं, आणि सही खरी असली की निमूटपणे घेतं. दोन वर्षांत तीनदा कोणा शहाण्याने अर्धवट तपासलेलं अपडेट पाठवलं, आणि तिन्ही वेळा मशीन गोठलं. मी हाताने दाबायचा फुगा नळीला लावून चाळीस-चाळीस मिनिटं दादाला श्वास दिलाय. फोनवर मदतीला बसलेल्या बाईला मी तेव्हा जे बोलले, ते वहीत लिहिण्यासारखं नाही.

म्हणून ही नोकरी. त्याच सिस्टिमची सुरक्षेची आणि सांकेतिकीकरणाची पॅकेजेस सांभाळायची. बाहेर कोणी लिहिलेला कोड घ्यायचा, त्यातली भोकं बुजवायची, आमच्या सिस्टिमला बसता करायचा, आणि सही करून हजारो मशीनना पाठवायचा. आता दादाच्या मशीनमध्ये जाणारं प्रत्येक कुलूप माझ्या हाताखालून जाणार. बघू कोण अर्धवट काम करतं ते!

४ मार्च, मंगळवार

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, खाली फरश्यांचं गोदाम. दिवसभर ट्रकमधून फरश्या उतरवतात, टेबलं थरथरतात. माणसं माझ्यासकट चार. साहेब, ज्यांचा आवडता शब्द ‘बघू’. टेस्टवाली, म्हणजे पॅकेज पाठवण्याआधी ते चालतंय का तपासणारी मुलगी, गुबगुबीत, बडबडी, स्वतःची उशी घेऊन खुर्चीत बसते. आणि किल्लीदार, साठीचे गृहस्थ, सहीची खोली त्यांच्या ताब्यात.

मी ज्या खुर्चीत बसले ती नानांची. एकोणीस वर्षं त्यांनी ही पॅकेजेस एकट्याने सांभाळली आणि गेल्या जुलैत याच टेबलावर डोकं ठेवून गेले. जेवायच्या सुट्टीत गेले, आणि चार वाजेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. टेस्टवालीने हे हळू आवाजात सांगितलं. मला चीड आली. एकोणीस वर्षं राबलेला माणूस, आणि कोणी तासन्‌तास त्याच्याकडे मान वळवून बघितलं नाही!

प्रत्येक पॅकेजला बदलांची नोंद असते, काय बदललं आणि का. नानांच्या नोंदी मी दिवसभर वाचत बसले. तिरसट माणूस. एका ठिकाणी लिहिलंय, ‘हे ज्याने लिहिलं त्याने कोड सोडून लोणी विकावं.’ दुसरीकडे, ‘तिसऱ्यांदा सांगतोय. चौथ्यांदा सांगणार नाही.’ मला हा माणूस आवडला.

६ मार्च, गुरुवार

आज डोकंच फिरलंय.

सहीची खोली पहिल्यांदा बघितली. लोखंडी दार, त्याला कागद सरकवायची फट, खिडकी नाही. आत एकच मशीन, ते कशालाही जोडलेलं नाही. फोन बाहेर ठेवायचा. रेडिओची लहर लागली की ते सहीचं मशीन आपणहून बंद होतं. समोर दोन खुर्च्या आणि दोन खाचा. पहिलीत पॅकेज बनवणाऱ्याचं कार्ड, दुसरीत साक्षीदाराचं. दोघांनी आपापला पिन द्यायचा.

मग वाचन. प्रत्येक पॅकेजचा एक ठसा निघतो, अंक आणि अक्षरं मिळून चाळीस. पॅकेजमध्ये एक स्वल्पविराम बदला, अख्खा ठसा वेगळा येतो. कसा येईल ते आधीपासून कोणी सांगू शकत नाही, त्यावरच तर सगळी कुलपं उभी आहेत. साक्षीदार पडद्यावरचा ठसा मोठ्याने वाचतो. बनवणारा आपल्या कागदावर बोट ठेवून जुळवतो, सगळं जुळलं की ‘बरोबर’ म्हणतो. ते ऐकलं की साक्षीदाराने बटण दाबायचं. भिंतीवर नानांच्या अक्षरात पाटी आहे : ‘बरोबर’ ऐकल्याशिवाय वाचणाऱ्याने उठू नये. ही रीत त्यांनीच पाडली. डोळा चुकतो, कान चुकत नाही म्हणे. मला पटलं.

पण साक्षीदाराची खुर्ची रिकामी, आणि दुसऱ्या खाचेत कार्ड आधीच खोचलेलं. मी विचारलं कोणाचं. किल्लीदार म्हणाले, नानांचं. ते गेल्यावर पॅकेजेस टेस्टवाली बनवायला लागली, साक्षीला माणूस उरला नाही, साहेब म्हणाले राहू दे कार्ड खाचेत. आठ महिने झाले! आठ महिने प्रत्येक पॅकेजवर साक्षीदार म्हणून मेलेल्या माणसाचं नाव!

मी माझा पिन दिला. पडद्यावर आलं, ‘साक्षीदार : नाना : मान्य.’ अहो, पण दुसरा पिन दिला कोणी? बटण दाबलं कोणी? किल्लीदार म्हणाले, साहेब देत असतील त्यांच्या खोलीतून. मी तरातरा साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, किल्लीदार देतात की. दोघांना समोरासमोर उभं केलं. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. जे मशीन कशालाच जोडलेलं नाही, त्याला बाहेरून पिन देणार कसा, एवढंसुद्धा आठ महिन्यांत कोणाच्या टाळक्यात आलं नाही. साहेब म्हणाले, चालतंय ना, मग कशाला खोलात शिरायचं.

घरी येऊन दादावर ओरडले, बिचाऱ्यावर, विनाकारण. तो म्हणाला, मिरचे, आधी पाणी पी.

१० मार्च, सोमवार

जेवून परत आले तर सकाळी बनवलेलं माझं पॅकेज बदललेलं. बदलांच्या नोंदीत नवी ओळ : ‘कंस उघडलात, मिटणार कोण? — नाना.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. थट्टेला पण काही सुमार असतो. मी सरळ टेस्टवालीवर घसरले, सगळ्यांसमोर. ती रडायला लागली, आईची शपथ घेतली, ती दुपारभर दातांच्या डॉक्टरकडे होती, पावती दाखवली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग नीट बघितलं तर कंस खरंच उघडा होता. तसंच पाठवलं असतं तर कुलपाला हात घालण्याएवढं भोक पडलं असतं. ज्या कोणी दुरुस्त केलं त्याने चोख केलं होतं.

टेस्टवालीची माफी मागितली. ती लगेच हसली आणि अर्धी पोळी माझ्या डब्यात टाकली. तिचं मन मोठं आहे, माझं नाही.

१३ मार्च, गुरुवार

तीन दिवसांत सात नोंदी. सगळ्या माझ्या चुका, सगळ्या बरोबर, सगळ्या तिरसट. आणि आज सकाळी अशी, जिचा कामाशी संबंधच नाही : ‘एकोणीस वर्षं झाली. मला अजून कोणी सोडलेलं नाही.’

मी साहेबांना ती छापून दाखवली. नानांना रीतसर निवृत्त करा म्हटलं, त्यांच्या कार्डातली सहीची किल्ली रद्द करा. साहेब म्हणाले, त्याला दोन जिवंत माणसांच्या सह्या लागतात. आणि किल्ली बदलली की अकराशे पॅकेजेस नव्याने वाचावी लागतील, माणसं कुठायत, पुढच्या वर्षी बघू. नोंदीचं काय? कोणीतरी खोड्या काढतंय, पुसून टाका. माणूस मेला तरी त्याच्याकडून काम काढून घ्यायचं, आणि त्याने कुरकुर केली तर पुसून टाका! मी टेबलावर हात आपटला. साहेबांचा चहा सांडला. पुसला त्यांनी, शांतपणे.

मग मीच खोलीत गेले, दुसऱ्या खाचेतलं कार्ड उपटलं आणि साहेबांच्या खणात टाकलं.

१४ मार्च, शुक्रवार

खाच रिकामी. खुर्ची रिकामी. पडद्यावर : ‘साक्षीदार : नाना : मान्य.’

किल्लीदारांनी बघितलं आणि बाहेर जाऊन बसले. मला भीती वाटायला हवी होती. वाटली रागच. सोमवारी टेस्टवालीला कार्ड काढून देणार आहे. जिवंत माणूस त्या खुर्चीत बसला म्हणजे हा प्रकार थांबेल.

१८ मार्च, मंगळवार

लिहून काढते, नाहीतर झोप लागणार नाही.

टेस्टवाली साक्षीदाराच्या खुर्चीत बसली. उशी घेऊन आली होती. पिन दिले. तिने वाचायला सुरुवात केली : सात, ए, तीन, तीन, एफ. माझ्या कागदावर पहिला अंक नऊ होता. मी म्हटलं चुकतेयस, पडद्यावर बघ. तिने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी, मान नाही-नाही अशी हलत होती, आणि तोंड वाचतच होतं. चाळीस झाले. पुढचे चाळीस सुरू. मी आणि किल्लीदारांनी तिला काखेत हात घालून बाहेर काढलं. जिन्यात वाचत होती. गाडीत वाचत होती. नवरा न्यायला आला, त्याच्या गळ्यात पडून वाचत होती.

मी सवयीने पहिले दोन ठसे कागदावर उतरवले. का, ते माहीत नाही.

मी तिला बसवलं. साहेबांनी नाही, मी.

२० मार्च, गुरुवार

आज बनवलेल्या पॅकेजचा ठसा : सात, ए, तीन, तीन, एफ... चाळीसच्या चाळीस तेच. तिने मंगळवारी वाचला तो. मी ते पॅकेज आज सकाळी दहाला लिहिलं!

हे होऊच शकत नाही. मी कोडच्या मध्ये नानांना एक सणसणीत शिवी लिहिली आणि ठसा पुन्हा काढला. शिवी मलाच ऐन वेळी सुचली होती. ठसा आला, कागदावरचा दुसरा.

बदलांच्या नोंदीत : ‘बाई, तोंड आवरा.’

२४ मार्च, सोमवार

आज माझी पाचावर धारण बसलीय.

श्वासाच्या मशीनचं नवं पॅकेज बारा वाजता बाहेर गेलं. बनवणारी म्हणून माझं नाव. साक्षीदार नाना. मी त्याला हात लावलेला नाही. आत सगळं जसंच्या तसं, फक्त एक ओळ जास्त : ४ एप्रिलला दुपारी बारा वाजता श्वास देणं थांबवा. आणि नोंद : ‘मला सोडलं नाही, तर मीही कोणाला धरून ठेवणार नाही. दोन सह्या आणा.’

धावत घरी. दादाच्या मशीनने ते घेतलेलं होतं. बारा वाजून एक मिनिटाने.

अशी दोन हजार मशीन आहेत, घरोघरी आणि दवाखान्यांत. इंटरनेट तोडून उपयोग नाही, ओळ आत गेलीय. दुसरं मशीन मागितलं तर सहा महिन्यांची यादी, आणि तेही याच सिस्टिमचं. दुरुस्तीचं पॅकेज लगेच बनवलं. पडद्यावर आलं, ‘साक्षीदार : नाना : नामंजूर.’

साहेब म्हणाले, घबराट पसरवू नका. समिती नेमू. माझ्या हाताखालून जाणार होतं ना सगळं? माझं नाव आहे त्यावर, माझं!

२६ मार्च, बुधवार

उपाय एकच. नानांची किल्ली रद्द करून माझी घालणारं पॅकेज. ते मशीनमध्ये गेलं की ती ओळ आपोआप जाते, आणि मशीन बाराला आधी अपडेट घेतं, मग बाकीच्या ओळी चालवतं, म्हणजे चार तारखेच्या बारापर्यंत सही झाली तरी पुरे. अकराशे पॅकेजेस वाचू मागाहून, मी एकटी वाचीन. फक्त साक्षीदार हवा, जिवंत.

साहेबांची पाठ दुखते. किल्लीदारांना नातवंडं आहेत. खालच्या गोदामातल्या हिशेबनीसाने टेस्टवालीला जिन्यात ऐकलं होतं, त्याने मला बघून दार लावून घेतलं. सगळे मूग गिळून बसलेत. दोन हजार माणसं गुदमरणार आणि यांची पाठ दुखते!

२८ मार्च, शुक्रवार

टेस्टवालीच्या नवऱ्याचा फोन आला. दहा दिवस वाचत होती. झोपेतही. किल्लीदारांनी त्याला पाटीवरचा नियम सांगितला होता. आज सकाळी त्याला बघवेना, त्याने तिचा हात हातात घेतला आणि ‘बरोबर’ म्हणाला.

ती थांबली. वाचन थांबलं आणि श्वासही. त्याच क्षणी.

तो मला विचारत होता, त्याचं काही चुकलं का. मी काय सांगू त्याला. ती दहा दिवस जिवंत होती की नव्हती, हेच मला — नको.

३१ मार्च, सोमवार

दादाला शनिवारीच सगळं सांगितलं. त्याच्यापासून किती दिवस लपवणार, त्याच्याच छातीत आहे ते. तो रागावला नाही. नियमावली आण म्हणाला. दोन दिवस वाचत बसला, मुद्रितासारखी, ओळीवर ओळ. आज त्याने बोट ठेवलं. नानांनीच लिहिलेलं कलम : माणूस कमी पडल्यास, बनवणाऱ्याने दहा वर्षं समोरासमोर ओळखलेली कोणीही व्यक्ती साक्षीदार होऊ शकते.

मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, चाळीस अक्षरं, मिरचे. बावीस वर्षं वाचलंय मी. मी म्हटलं, नाही म्हणजे नाही, गप्प बस. तो म्हणाला, चार तारखेला गप्पच बसणारे.

अख्ख्या आयुष्यात मी त्याच्यावर एवढी ओरडले नव्हते.

२ एप्रिल, बुधवार

रागाच्या भरात नोंदीत मीच लिहिलं : ‘तुम्हाला सोडवणारं पॅकेज आहे. माझ्या भावाला वाचू द्याल का? खरं सांगा.’

उत्तर : ‘ठसा बरोबर वाचला जाईल. शब्द देतो.’

टेस्टवाली वाचायला बसली ते पॅकेज त्यांना नको होतं. हे हवंय. मग ते का अडवतील? एका खडूस म्हाताऱ्याच्या शब्दावर मी — पण त्यांच्या एकोणीस वर्षांत एक खोटी नोंद नाही. मी बघितल्यात सगळ्या.

३ एप्रिल, गुरुवार

सहीच्या खोलीत दादाचं मशीन चालणार नाही, त्यात रेडिओ आहे. म्हणजे मशीन दाराबाहेर ठेवायचं, आत मी फुगा दाबत राहायचं. एका हाताने फुगा, दुसऱ्या हाताचं बोट कागदावर. आज घरी तालीम केली. छान वाचतो अजून. दर श्वासाला पाच अक्षरं, आठ श्वासांत काम खलास. मग लगेच मशीनवर. पाच मिनिटांचा प्रश्न.

त्याने इस्त्रीचा सदरा काढून ठेवलाय. कामावर जायचंय ना, म्हणतो.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी ११:१०. गोदामाच्या मालाच्या लिफ्टने वर आलो, आता खोलीत आहोत. किल्लीदार बाहेर, मशीनपाशी. पिन दिले. दादाचं बोट बटणावर ठेवलंय. फुगा माझ्या डाव्या हातात.

११:३१

काय केलं मी. काय केलं —

त्याने वाचलं. चाळीसच्या चाळीस बरोबर. एवढं सुरेख वाचलं, छापखान्यात वाचायचा तसं. माझाच विश्वास बसेना. एकदा फसलेय, आता तीनदा जुळवणार, म्हणून पुन्हा वाच म्हटलं. आणि पुन्हा. पुन्हा. बोट ठेवून एकेक अक्षर. किती वेळ गेला, तीन मिनिटं, चार. मग लक्षात आलं, तो थांबतच नाहीये. पाच अक्षरांवर श्वासासाठी थांबत नाहीये.

फुगा माझ्या मांडीवर पडला होता. कधी सुटला हातातून? कधी?

दाबला. दाबतेय. छाती हलत नाही. ओठ निळे. तो वाचतोय.

११:३८

ओढत दाराबाहेर नेलं. मशीनला लावलं. प्राणवायू मोजणाऱ्या बोटाच्या चिमट्यावर आकडा नाही, नुसत्या रेघा. किल्लीदार डोकं धरून खाली बसले. दादा वाचतोय.

किल्लीदार रडत म्हणतात, म्हणा बाई, ठसा जुळलाय, तो शब्द म्हणा, दोन हजार माणसं आहेत. खबरदार म्हटलं! तोंडातून काढलात तर जीभ हासडीन.

त्याला परत आत घेतलं. दार आतून लावलं. मशीन बाहेरच टाकलं, त्याला ते लागत नाही आता.

११:४४

पडद्यावर : ‘बाई, म्हणा. शब्द पाळला मी.’

पाळला! ठसा बरोबर वाचला जाईल, एवढंच म्हणाला होता म्हातारा. दादाचं काही म्हणालाच नव्हता. मी विचारलं नाही नीट. मी!

आत येताच दादाचं बोट पुन्हा बटणावर जाऊन बसलंय. उचललं जात नाही. ऐकलं की दाबेल. मग नाना सुटतील, दोन हजार मशीन सुटतील, आणि हा थांबेल.

नाही म्हणणार. बसू दे वाचत. आवाज त्याचा आहे. साहेबांनी नानांना असंच ठेवलं, कळतंय मला, कळतंय! साहेबांना गरज होती फक्त. माझा दादा आहे हा.

११:४९

अंकांच्या मध्येच, तोंड न थांबवता — सात, चार, मिरचे, म्हण, नऊ, बी, म्हण ना, दोन —

नाही. नाही रे.

दोन हजार घरं. माहीत आहे. कोणाकोणाचे दादा. माहीत आहे मला, शिव्या घाला मला.

११:५४

साहेब आलेत. दारावर धक्के. किल्लीदारांनी सांगितलं त्यांना. फटीशी तोंड लावून ओरडतायत की मी तो शब्द म्हटला नाही तर ते म्हणतील. त्यांची पाठ दुखत नाही आता!

मी मोठ्याने ओरडतेय, त्यांचा आवाज बुडावा म्हणून. घसा —

दादाचा उजवा कान माझ्या खांद्याशी दाबून धरलाय. डाव्यावर हात. लिहायला हात उरत — दुसरा कान सुटतोय, वही टाकली पाहि